नारखेडे नाना आणि मधली सोळा पाने

त्र्यंबक नारखेडे गेल्या मार्गशीर्षात एका मंगळवारी पहाटे असोद्याच्या राहत्या घरी वारले. कारण वार्धक्य. दुपारच्या आत अंत्यसंस्कार झाले. ज्या वाचक मंडळात ते अनेक वर्षे बसत होते ते जळगावात भरते आणि असोदा जळगावला लागून आहे. मंडळातून दोघे आले. बाकीच्यांनी मोबाइलच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रे टाकली.

पुढच्या रविवारी मंडळाने शोकसभा घेतली. त्यात नानांना साक्षेपी समीक्षक, चोखंदळ वाचक आणि नवलेखकांचे मार्गदर्शक म्हटले गेले. यातली पहिली दोन विशेषणे चुकीची होती. नानांनी मंडळात ज्या कादंबऱ्यांवर मत दिले, त्यांपैकी एकही त्यांनी पूर्ण वाचलेली नव्हती. हे गुपित नव्हते. कुणी विचारले तर ते मान ताठ करून सांगत. तिसऱ्या विशेषणाची मी चौकशी केली.

मी शहरातल्या एका दैनिकाची रविवार पुरवणी पाहत असे. मंडळाचा वृत्तांत माझ्याकडे येई आणि तो एका परिच्छेदात बसवायचा असल्यामुळे मला बैठकीला बसावे लागे. बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. मंडळाची पद्धत अशी, की महिन्याला एक कादंबरी ठरायची आणि वाचनालयाची एकच प्रत सगळ्यांत फिरायची. विकत कुणी घेत नसे. जो घरी नेईल त्याने तिला वर्तमानपत्राचे कव्हर घालायचे आणि पुढच्याला देताना ते काढून घ्यायचे. मग बैठकीत प्रत्येकाने आपले मत सांगायचे आणि शेवटी नाना बोलायचे. नाना बोलले की चहा.

मते सहसा तीच असत. मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताई महाजन, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना प्रत्येक कादंबरी अंतर्मुख करीत असे. चौधरीभाऊंचे औषधांचे दुकान होते. त्यांना प्रत्येक कादंबरी एका वेगळ्या उंचीवर नेत असे. पुस्तकातले एखादे वाक्य, एखाद्या पात्राचे नाव, कुणी काय केले, यांपैकी काहीही न उच्चारता दहा मिनिटे बोलण्याचे कसब दोघांनाही साधले होते. इतर सदस्य या दोघांशी सहमत असत. कधी कुणी असहमत झालेच तर आधी त्याबद्दल माफी मागत असे.

या लोकांत नाना उठून दिसत, याचे श्रेय बरेचसे त्या लोकांना आहे.

नाना नोकरीत असताना कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चोपडा, जामनेर, आणखी दोन-तीन ठिकाणी त्यांनी हंगाम काढले. काम असे: शेतकऱ्याची गाडी समोर येते, ग्रेडर मूठभर कापूस उपसतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढतो, धागा किती लांब निघतो ते पाहतो, कचरा पाहतो, ओल पाहतो आणि ग्रेड सांगतो. पहिली, दुसरी, तिसरी. अगदीच डागी असेल तर कवडी. शेतकऱ्याने वर्षभर केलेले काम त्या मुठीत संपते. त्यावर अपील नाही. नाना म्हणत, "एका मुठीत गाडी कळते. सगळी गाडी चिवडत बसणारा ग्रेडर नाही, तो उंदीर."

कादंबरी त्यांनी याच पद्धतीने तपासली. प्रत फिरत फिरत बैठकीला आली की ते ती हातात घेत, अंगठ्याने कुठेतरी उघडत, बहुधा सुरुवातीच्या बाजूला, एक पान मनात वाचत, कागद दोन बोटांत चोळत आणि मिटवून ठेवत. मग बाकीच्यांची मते ऐकत. ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असत. सुलभाताईंना ते चिंतन वाटे. शेवटी ग्रेड.

पहिली ग्रेड त्यांनी माझ्या ऐकण्यात कुणालाच दिली नाही. एखाद्या लेखकाचे पहिले पुस्तक गाजले आणि त्याने त्याच विषयावर दुसरे लिहिले, तर ते एकच शब्द उच्चारत: "फरदड." म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच जुन्या झाडाला पाणी देऊन घेतलेला कापूस. सुलभाताईंच्या धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या कादंबरीलाही त्यांनी हाच शब्द वापरला. सुलभाताई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मंडळाच्या ग्रुपवर कुणी पुस्तक आणि शेजारी कॉफीचा कप असा फोटो टाकला, तर नाना त्याखाली फक्त आकडा लिहीत. बहुधा तीन.

एकदा मंडळाने ग्रामीण जीवनावरची सहाशे पानांची कादंबरी घेतली. चौधरीभाऊ तिच्यावर भरभरून बोलले. मातीचा गंध, कष्टकऱ्याचे जगणे, वेगळी उंची. ते खाली बसल्यावर नाना डोळे न उघडता म्हणाले, "मले सांगा चौधरीभाऊ, त्या गावात पेरतात काय?"

"म्हणजे?"

"पीक. कपाशी का केळी का ज्वारी? काय पेरतात?"

चौधरीभाऊंनी सुलभाताईंकडे पाहिले. सुलभाताईंनी प्रत उघडली.

"शेत आहे त्यात," चौधरीभाऊ म्हणाले. "हिरवंगार शेत. वर्णन फार सुंदर आहे."

"हिरवं तर गाजरगवतही असतं. सहाशे पानं माणूस शेतात हिंडतो अन् त्याच्या पायाखाली काय आहे ते त्याले माहीत नाही, तुम्हाले माहीत नाही अन् लिहिणाऱ्यालेही नाही. तिसरी."

सगळे हसले. चौधरीभाऊही हसले, जरा उशिरा. मी नंतर ती कादंबरी पाहिली. पिकाचे नाव खरोखरच कुठे नव्हते. नाना बरोबर होते. पण त्यांनी वाचले होते एकच पान. ते बरोबर होते की नशीबवान, हे सांगता येण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मंडळाला असल्या फरकाशी कर्तव्य नव्हते. त्यांना महिन्यातून एकदा कुणाची तरी नालस्ती ऐकायची असे आणि ती आपण केली नाही याचे समाधान हवे असे. नाना दोन्हीची सोय करीत.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ग्रेडर म्हणून नाना चांगले होते, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. काही शेतकरी वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारतात आणि तो ओला कापूस गाडीच्या मधोमध दडपतात. वर आणि कडेला कोरडा. नाना हे ओळखत. त्यामुळे ते वरची मूठ कधी घेत नसत. हात कोपराच्या वर जाईपर्यंत गाडीच्या पोटात घालत आणि तिथली मूठ बाहेर काढत. पुस्तकाच्या बाबतीत त्यांनी हा नियम पाळला नाही. पुस्तकात त्यांचा हात वरवरच राहिला.

रेखा बोरसे धुळ्याच्या. तिथल्या एका शाळेत शिकवतात. त्यांची पहिली कादंबरी आली तेव्हा मंडळाने ती महिन्याचे पुस्तक म्हणून घेतली आणि लेखिकेलाही बैठकीला बोलावले. कादंबरी एका मुलीची आणि तिच्या वडिलांची. मुलगी शिकते, घर सोडते, वडील आजारी पडतात, ती परत येते, वडील जातात. वाचनालयाची प्रत नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे फिरून आली.

त्या रविवारी बोरसे सकाळच्या एसटीने आल्या. नारळ, शाल, पुष्पगुच्छ झाले. मग मते. सुलभाताई अंतर्मुख झाल्या होत्या. चौधरीभाऊ उंचीवर गेले होते. बोरसे ऐकत होत्या. त्यांनी सोबत वही वगैरे काही आणली नव्हती. मध्येच त्यांनी विचारले, "वडील जातात ते प्रकरण तुम्हाला कसं वाटलं?"

"तेच तर," सुलभाताई म्हणाल्या. "तुम्ही मृत्यू दाखवलाच नाहीत. किती संयम आहे त्यात. आधीच्या प्रकरणात ते आजारी आहेत आणि पुढे एकदम तेरावा. ते मौन मला फार बोलकं वाटलं."

"वाचकावर सोडलंय," चौधरीभाऊ म्हणाले.

"आणि त्यानंतरचं पान अर्ध्या वाक्यानं सुरू होतं," सुलभाताई म्हणाल्या. "ती तुटक शैली. मनच तुटलेलं आहे, म्हणून वाक्यही तुटलेलं."

 बोरसे यांनी नानांकडे पाहिले. नानांनी डोळे उघडले.

"मौन-बिन काही नाही," ते म्हणाले. "मधे मालच नाही. बाप मरतो तिथं लिहायला हात लागतो. तो नव्हता. लेखिका पळाली. दुसरी ग्रेड देणार होतो, तिसरी देतो."

"प्रत बघू जरा," बोरसे म्हणाल्या.

प्रत त्यांच्याकडे गेली. त्यांनी ती मध्यावर उघडली, पाने मागेपुढे केली आणि टेबलावर सर्वांना दिसेल अशी उलटी फिरवून ठेवली. डावीकडे १२८ होते. उजवीकडे १४५.

"यात एक फर्मा नाहीये," त्या म्हणाल्या. "बांधताना राहिला असेल. सोळा पानं. वडील जातात ते अख्खं प्रकरण."

पुस्तक छापताना सोळा-सोळा पानांचे जुडगे होते, त्याला फर्मा म्हणतात. एखाद्या प्रतीत तो राहून जाणे ही बांधणीतली नेहमीची चूक आहे. नाना सोडले तर मंडळातल्या प्रत्येकाने ही प्रत घरी नेऊन परत केली होती. प्रत्येकाने तिच्यावर मत दिले होते. 

कुणीतरी बोलायला हवे होते. नाना बोलले.

"मग त्या बाइंडरनं पुस्तक सुधारलं म्हणायचं."

खोली हसली. मोकळे झालेले लोक हसतात तसे. सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. चौधरीभाऊंनी टेबलावर थाप मारली. बोरसे हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. हसणे संपेपर्यंत त्या थांबल्या.

"मी ही कादंबरी त्या सोळा पानांसाठी लिहिली," त्या म्हणाल्या. "आधीची सव्वाशे पानं तिथवर पोचायला होती. ती पानं खरी वाटतात का, एवढंच मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. धुळ्यात मला सगळे ओळखतात. ते चांगलंच म्हणतात. म्हणून इथे आले."

त्यांनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. "ही पूर्ण आहे. कुणी वाचली तर कळवा." मग त्या चहा न घेता बसस्थानकाकडे गेल्या. शाल खुर्चीवर राहिली. ती मंडळाने पुढच्या पाहुण्यासाठी वापरली.

त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर सत्काराचा फोटो आला, खाली 'अविस्मरणीय सकाळ' असे लिहिलेले. माझ्याकडे आलेल्या वृत्तांतात लेखिकेने रसिकांशी मनमोकळा संवाद साधला, असे वाक्य होते. पूर्ण प्रत कुणी नेली हे कुणी पाहिले नाही. खोली झाडणाऱ्या बाईंनी टेबल रिकामे असल्याचे सांगितले. पुढच्या बैठकीत त्याबद्दल कुणी विचारलेही नाही. सदोष प्रत वाचनालयाच्या कपाटात परत गेली.

बाइंडरचा विनोद मात्र टिकला. मंडळात तो इतका आवडला की नवा माणूस आला की चौधरीभाऊ मुद्दाम त्या कादंबरीचा विषय काढत आणि नाना ते वाक्य पुन्हा म्हणत. मी ते चार वेळा ऐकले.

शोकसभेतल्या 'नवलेखकांचे मार्गदर्शक' या विशेषणाला आधार काय, असे मी सुलभाताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्या धुळ्याच्या बाई नाही का आल्या होत्या? त्यांनाही केलं ना मार्गदर्शन. आपल्यासमोरच." म्हणून मी बोरसे यांना फोन केला. अपेक्षा अशी होती, की त्या हे खोडून काढतील आणि पुरवणीतल्या मृत्युलेखात ते विशेषण वगळता येईल.

"ते आले होते," बोरसे म्हणाल्या. "शाळेत."

कधी, असे मी विचारले. जळगावच्या बैठकीनंतर महिन्याभराने, असे त्यांनी सांगितले. मी नंतर धुळ्याला जाऊन शाळेच्या शिपायालाही भेटलो. त्याला नाना पांढऱ्या टोपीसकट नीट आठवत होते. "धवया टोपीवाला बाबा ना? चहा लिन्हाच नही त्यासनी," तो म्हणाला. "कप तसाच भरेल व्हता." दोघांच्या सांगण्यात तफावत नव्हती. बोरसे यांनी सांगितले ते असे.

मधल्या सुट्टीत नाना शिक्षकांच्या खोलीत आले. हातात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक होते. बसा म्हटल्यावर बसले. चहा आणला तर कप बाजूला सरकवला.

"हे तुमचं पुस्तक," ते म्हणाले. "मी फुकटचं ठेवत नाही."

"वाचलंत का, नाना?"

"मधलं वाचलं. बाकीचं वाचायची गरज नाही."

"मग?"

"मॅडम, तुमची ती पोरगी सोळा पानं बापाच्या खाटेजवळ बसली आहे. हात धरून. बरोबर?"

"हो."

"मग तिला दिसतं काय? कंपाउंडरच्या चपला दिसतात, दाराबाहेर काढलेल्या. समोरच्या घरची बाई पाणी भरते, ती दिसते. दाराबाहेरच्या ओट्यावरचं कुत्रं दिसतं. भाऊ आत जातो तेव्हा त्याची पाठ दिसते. बसलेल्या माणसाला आत जाणाऱ्याची पाठ कशी दिसेल? तोंड दिसेल. अन् बापाचं तोंड? त्याच्या तोंडाबद्दल एक ओळ नाही. मी दोनदा वाचलं. सोळा पानांत त्या बापाला तोंडच नाही."

बोरसे यांनी पुस्तक ओढून ते प्रकरण उघडले.

"तुम्ही आत नव्हता," नाना म्हणाले. "ओट्यावर होता. मधे पाणी मारलंय तुम्ही."

बोरसे यांनी मला सांगितले, की हे त्यांनी तोवर कुणालाही सांगितले नव्हते. वडील गेले तेव्हा त्या ओट्यावर उभ्या होत्या. आत जायची हिंमत झाली नाही. खाटेजवळ भाऊ होता. भावाने पुस्तक वाचले होते आणि तो काहीच बोलला नव्हता. नानांना त्या एवढेच म्हणाल्या, "हो. बाहेर होते."

"मग तसं लिहा. आत गेली नाही, हे लिहायला जास्त हात लागतो."

घंटा झाली. नाना उठले. दारापर्यंत गेल्यावर बोरसे यांनी त्यांना विचारले, "ग्रेड नाही सांगितलीत, नाना."

"ओल्या मालाची ग्रेड करत नाहीत," ते म्हणाले. "वाळवून आणा, मग बघू."

तासाला उशीर होत होता म्हणून त्यांना सोडायला फाटकापर्यंत जाता आले नाही, असे बोरसे म्हणाल्या. शिपायाच्या सांगण्यानुसार नाना रस्त्यापलीकडच्या झाडाखाली काही वेळ उभे होते आणि मग बसस्थानकाच्या दिशेने चालत गेले.

नाना धुळ्याला गेल्याचे मंडळात कुणालाही माहीत नव्हते. मी सुलभाताईंना सांगितले. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग म्हणाल्या, "बघा, मार्गदर्शक म्हटलं होतं ना मी?" चौधरीभाऊंनी विचारले, "मग एवढं वाचलं होतं तर आम्हाला का नाही सांगितलं त्यांनी?" याचे उत्तर मला माहीत नाही. नानांच्या सूनबाईंनाही नव्हते. धुळ्याला कुणाच्या तरी लग्नाला गेले असतील, असे त्यांना वाटले होते.

मी नानांना शेवटचे पाहिले ते त्यांच्या शेवटच्या बैठकीत. म्हणजे धुळ्याच्या भेटीनंतर बऱ्याच महिन्यांनी. ते खंगले होते, जिना चढताना त्यांना धरावे लागले. त्या दिवशी बँकेत बदलून आलेले एक गृहस्थ नवीन सदस्य म्हणून बसले होते. चौधरीभाऊंनी सवयीने विषय काढला. "नाना, ती धुळ्याच्या बाईंची कादंबरी सांगा ना यांना. त्या सोळा पानांचं."

नानांचे डोळे मिटलेले होते. ते मिटलेलेच राहिले.

"बाइंडरनं सुधारली," ते म्हणाले.

खोली हसली. नव्या सदस्याला कळले नाही, तरी तोही हसला. नानांनी समोरची त्या महिन्याची कादंबरी ओढून घेतली, मध्यावर उघडली आणि एक पान वाचले. मग ते पान उलटून पुढचे वाचले. चहा आला तेव्हा ते अजून वाचत होते. बैठकीत सर्वांसमोर त्यांनी एकाहून अधिक पाने वाचलेली मी तेवढ्याच वेळी पाहिली. त्या कादंबरीला त्यांनी तिसरी ग्रेड दिली.

बोरसे यांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती नाना गेल्यानंतर दीड महिन्याने निघाली. वडील जातात ते प्रकरण त्यांनी पुन्हा लिहिले आहे. मुलगी आता ओट्यावर आहे. प्रकरण पूर्वीपेक्षा लहान आहे. बोरसे यांनी एक प्रत नानांच्या नावाने असोद्याला पाठवली. सूनबाईंनी सही करून पाकीट घेतले. परवा मी असोद्याला गेलो तेव्हा पाकीट देवघराच्या फळीवर होते, न फोडलेले. त्याचे काय करायचे, असे त्यांनी मला विचारले.

मंडळाने दुसरी आवृत्ती घेतलेली नाही. वाचनालयात पहिल्या आवृत्तीची तीच प्रत आहे. तिच्यात १२८ नंतर १४५ आहे. सध्या ती कपाटात नाही. बँकेतल्या त्या नव्या सदस्याने ती वाचायला नेली आहे.